तांबडा समुद्र खरंच आटला होता का? उत्तर दगडात आहे

'तांबडा समुद्र एकदा पूर्ण सुकला होता' ही बातमी आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर येऊन गेली असेल. बातमी खोटी नाही. जेद्दाजवळच्या थुवल इथल्या किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पण ही घटना सुमारे ६२ लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे माणसाच्या इतिहासाच्या कितीतरी आधीची आहे. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्या वाकियाशी ती जोडून फॉरवर्ड करणं बरोबर नाही. त्यात ना दीनची खिदमत होते, ना विज्ञानाची.

मग इतकी जुनी गोष्ट कळली कशी? आधी मिठागर आठवा. बांधाची उघाडी बंद केली की आत आलेलं समुद्राचं पाणी उन्हानं आटत जातं. साधारण पाचवा हिस्सा उरला की जिप्सम खाली बसतं. हे तेच, ज्याच्यापासून पीओपी बनतं. दहावा हिस्सा उरला की मीठ धरतं. समुद्राच्या तळाशी मीठ आणि जिप्समचे जाड थर सापडले, तर समजायचं की कधीतरी त्याचीही 'उघाडी' बंद झाली होती किंवा फारच अरुंद झाली होती.

पण आत येणारं पाणी महासागराचं होतं की नद्यांचं? हे स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य सांगतं. ते कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून जिप्सममध्ये आणि शिंपल्यांमध्ये सहज शिरतं. त्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंमध्ये ८७ आणि ८६ वजनांचेही अणू असतात. प्रयोगशाळेत त्यांचं गुणोत्तर मोजतात.

प्रत्येक दगडाचं गुणोत्तर वेगळं असतं. मानकोलीत पाया खणताना जो काळा पत्थर लागतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अशा दगडात हा आकडा साधारण ०.७०५ च्या आसपास असतो. जुन्या ग्रॅनाइटमध्ये तो बराच जास्त असतो, कारण त्यातल्या रुबिडियमचं हळूहळू ८७ वजनाच्या स्ट्रॉन्शियममध्ये रूपांतर होत राहतं. नद्या आपापल्या दगडाचा ठसा घेऊन समुद्रात येतात. समुद्रात स्ट्रॉन्शियम लाखो वर्षं टिकतं आणि तेवढ्यात पाणी कितीतरी वेळा ढवळून निघतं. म्हणून आज मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी घ्या नाहीतर जेद्दाच्या, आकडा सुमारे ०.७०९२ च येईल.

आता भूमध्य समुद्र पाहा, ज्याला आपण उर्दूत बहर-ए-रूम म्हणतो. त्याची अटलांटिकची वाट जिब्राल्टरजवळ आहे. हे नाव 'जबल तारिक' वरून, म्हणजे तारिक बिन जियाद यांच्या नावावरून आलं. सुमारे ५९.७ लाख वर्षांपूर्वी तिकडची वाट आवळली जाऊ लागली. सिसिली बेटावरच्या जिप्समच्या खालच्या थरांत तेव्हाच्या महासागराच्या जवळचाच आकडा मिळतो. वरच्या थरांत तो उतरतो. याचा अर्थ, महासागराचं पाणी कमी झालं आणि नद्यांचा वाटा वाढला. नाईल नदीचा आकडा मुळात कमी, कारण तिचं बरंचसं पाणी इथिओपियाच्या काळ्या लाव्हाच्या डोंगरांतून येतं. आपल्या सह्याद्रीचा पत्थर त्याच जातीचा. सुमारे ५३.३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकचं पाणी पुन्हा आत शिरलं.

तांबड्या समुद्राची गोष्ट याच्या आधीची. तेव्हा त्याचं दार उत्तरेला, आजच्या सुएझच्या बाजूनं भूमध्य समुद्राकडे होतं. ते बंद झालं आणि समुद्र सुकला. विद्यापीठाच्या संशोधकांनी समुद्रतळाखालचे थर लहरी सोडून तपासले, रासायनिक पद्धतीनं त्यांचं वय काढलं आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष पाहिले. मिठाच्या थरांवर झीज झाल्याची खूण सापडली. पाण्याखाली असलेला तळ असा झिजत नाही. त्यानंतर दक्षिणेकडून, आजच्या बाब-अल-मंदेबच्या बाजूनं, हिंदी महासागराचा लोंढा आत घुसला. त्यानं समुद्रतळावर सुमारे ३२० किलोमीटर लांब घळ कोरली. सुकणं आणि पुन्हा भरणं हा सगळा बदल लाखभर वर्षांत उरकला.

म्हणजे उमऱ्याला गेल्यावर जेद्दाच्या किनाऱ्यावर जो समुद्र दिसतो, त्याचं पाणी आपल्या अरबी समुद्राच्याच बाजूनं आलेलं आहे.

घरात मुलांनी अशी बातमी दाखवली तर 'डिलीट कर' म्हणू नका, आणि लगेच 'सुभानअल्लाह' लिहून पुढेही ढकलू नका. दोन सवाल विचारा: हे कधी घडलं? आणि हे कळलं कशावरून? दुसऱ्या सवालाचं उत्तर शोधता शोधता मूल मिठागर, खाडी आणि दारातल्या काळ्या पत्थरापर्यंत येऊन पोहोचेल. विज्ञानाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.