वाढदिवस पुस्तकांचा, तोही घरच्या घरी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसांची निमंत्रणं यायला लागतात. हॉल, फुग्यांची कमान, कार्टूनचा भलामोठा फलक, त्याच कार्टूनचा केक आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हातात रिटर्न गिफ्टची पिशवी. राजारामपुरी असो की कळंबा, चित्र तेच. असे तीन-चार वाढदिवस झाले की आपल्या घरातही विषय निघतो, 'आपण काय करायचं?' अलीकडे याला एक उत्तर वरचेवर ऐकू येतं. थीम पुस्तकांची ठेवू आणि सगळं घरीच करू. कल्पना चांगली आहे. पण ती कुठे जमते आणि कुठे फसते, हे आधी समजून घेतलेलं बरं.

पुस्तक भिंतीवर की हातात?

बहुतेक ठिकाणी घोटाळा इथेच होतो. उघड्या पुस्तकाच्या आकाराचा केक येतो, भिंतीवर गोष्टीतल्या पात्रांची रंगीत प्रिंट लागते, फोटो झकास निघतात आणि संध्याकाळभर एकही पुस्तक उघडलं जात नाही. त्याहून खटकणारा प्रकार म्हणजे जुन्या पुस्तकांची पानं फाडून केलेली तोरणं. इंटरनेटवर अशा सजावटीचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. पण ज्या घरात पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायला शिकवलं, त्याच घरात आई-बाबा कात्री घेऊन पुस्तक कापायला बसले, तर मुलानं काय समजायचं? तोरणासाठी रद्दीतला पेपर आणि जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू उत्तम चालते.

सोपा मार्ग असा की 'पुस्तकं' ही थीम न घेता एकच पुस्तक घ्यायचं. तेही सध्या मुलाच्या डोक्यात बसलेलं. आपल्याला आवडणारं नव्हे! श्यामची आई आपल्याला कितीही प्रिय असली तरी सहा वर्षांच्या मुलाला डायनासोरचं पुस्तक हवं असेल, तर वाढदिवस डायनासोरचा.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच सोयीचा. राधाच्या घरातली माणसं आपल्याही घरात असतात, त्यामुळे वेगळी वेशभूषा लागत नाही. आजोबांचा चष्मा आणि आजीची शाल पुरते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा पुण्यात शिकायला येतो आणि एकामागून एक भानगडी उलगडतो. त्याच्यावरून शोधाचा खेळ आयता मिळतो. पहिली चिठ्ठी एका पुस्तकात, तिच्यात दुसऱ्या पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक, त्या पानात तिसरी चिठ्ठी. शेवटची चिठ्ठी खाऊच्या डब्यापाशी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही हा खेळ पाऊण तास चालतो. मुलं शोधताना पुस्तकं हाताळतात, मधेच कोणी एखादं पान वाचत बसतं, तेव्हा त्याला हलवू नये.

'वाचून दाखव बरं!' म्हणू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पाहुण्या मुलांना मोठ्यानं वाचायला लावू नका.

वर्गातल्या बारा मुलांमध्ये दोघं-तिघं तरी अडखळत वाचणारी असतात. इंग्रजी माध्यमातल्या अनेकांना मराठी बोलता येतं, पण जोडाक्षर आलं की गाडी थांबते. मराठी शाळेतल्या मुलाची इंग्रजी पुस्तकापाशी तीच गत होते. शाळेत रोज हे झाकावं लागतंच. वाढदिवसालाही पाळीपाळीनं वाचन ठेवलं, तर त्या मुलासाठी ती परीक्षा होते, तीही मित्रांच्या आई-बाबांसमोर. एखादी खसखस पिकली तरी ते मूल पुस्तकांचा वाढदिवस पुन्हा कधी मनावर घेणार नाही. आणि हे मूल कधी कधी ज्याचा वाढदिवस आहे, तेच असतं.

वाचायचं मोठ्यांनी. घरात आवाज लावून गोष्ट सांगणारी एखादी आजी, मामा, आत्या असतेच. दहा ते बारा मिनिटं पुरेत. चित्रं सगळ्यांना दिसतील अशी मुलं चटईवर अर्धवर्तुळात बसवा. पंखा, टीव्ही, फोन बंद. वाचणाऱ्यानं आदल्या दिवशी दोनदा मोठ्यानं वाचून सराव केला, तर कुठे थांबायचं आणि कुठे आवाज बारीक करायचा ते सापडतं. केक कापण्याआधी वाचा. केकनंतर कोणी बसत नाही.

कोणतं वाचावं सुचत नसेल तर दोन जागा आहेत. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीवर' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे छापून वाटल्या तरी अडचण नाही. मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि त्यांची वाचनपातळीही दिलेली असते. दुसरी जागा बालभारतीचं 'किशोर' मासिक. ते १९७१ साली सुरू झालं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आई किंवा बाबा आठ वर्षांचे असताना निघालेला त्याच महिन्याचा अंक शोधा आणि त्यातलीच एखादी गोष्ट वाचा. जाहिराती, चित्रं, कोडी पाहून मुलं जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं देता देता अर्धा तास जातो.

आठ पानांचं पुस्तक, एका कागदाचं

गोष्ट झाल्यावर हाताला काम हवं. प्रत्येकाला एक कोरा ए-फोर कागद द्या. तो लांबीच्या रेषेत मधोमध दुमडून उघडायचा. मग आडवा मधोमध दुमडायचा, परत एकदा तसाच दुमडायचा आणि पूर्ण उघडायचा. आठ चौकटी दिसतील. आता कागद एकदाच आडवा अर्धा दुमडून, घडीच्या बाजूनं मधल्या रेषेवर कात्री चालवायची, पण पहिल्या चौकटीपुरतीच. उघडल्यावर कागदाच्या पोटात चीर दिसते. कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की चीर फुगते, पानं एकमेकांवर येतात आणि आठ पानी पुस्तक तयार. स्टेपलर नाही, डिंक नाही. लहान मुलांसाठी चीर आधीच कापून ठेवा.

आत काय लिहायचं ते सांगू नका. काही जण फक्त चित्रं काढतील, एखादा 'लेखक' म्हणून स्वतःचं नाव टाकून बाकीची पानं कोरी ठेवेल. चालतं. हेच पुस्तक घरी न्यायचं असल्यानं रिटर्न गिफ्टचा प्रश्न निम्मा सुटतो.

खाऊ

इथे कोल्हापूरकरांना फार सांगायची गरज नाही. भडंग, घरची भेळ, गुळाची चिक्की आणि केक. मिसळीचा मोह आवरा, निदान मुलांच्या ताटात तरी. पण खाऊलाही पुस्तकाशी जोडायचं असेल तर 'तोत्तोचान' आठवा. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या तोमोई शाळेची सांगितलेली ही हकिगत मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणली. त्या शाळेचे मुख्याध्यापक मुलांच्या डब्यात थोडं समुद्राकडचं आणि थोडं डोंगराकडचं असावं असं सांगत. घाटमाथ्याखाली कोकण आणि वर आजरा, चंदगड असलेल्या आपल्या जिल्ह्याला हे फारच सोपं. कोकम सरबत आणि नारळाची वडी समुद्राकडून, चंदगडचे काजू डोंगराकडून. कोणाला दाणे किंवा काजू चालत नाहीत, हे मात्र निमंत्रणातच विचारून घ्या.

भेटवस्तूंचं काय?

'बुके नको, बुक द्या' हे वाक्य आता सभा-समारंभात रुळलं आहे. मुलांच्या वाढदिवसाला ते जसंच्या तसं लावलं तर एकाच पुस्तकाच्या तीन प्रती येतात आणि पाहुण्यांच्या खिशाला चाट बसते ती वेगळीच. त्यापेक्षा निमंत्रणात लिहावं, 'नवीन काही आणू नका. घरातलं वाचून झालेलं एक पुस्तक आणा, जाताना दुसरं घेऊन जा.' सगळी पुस्तकं एका चादरीवर मांडायची आणि शेवटी प्रत्येकानं एक उचलायचं.

यात एक खाच आहे. काही घरांत द्यायला गोष्टीचं पुस्तकच नसतं. शेजारच्या गल्लीतला मित्र असेल, आईला मदत करणाऱ्या मावशींची मुलगी असेल. ती रिकाम्या हातानं येऊन अवघडून उभी राहू नयेत म्हणून यजमानांनी आपल्या घरची सात-आठ पुस्तकं आधीच चादरीवर ठेवावीत आणि कोणी काय आणलं याची चौकशी करू नये. पातळ चित्रपुस्तकं शंभर रुपयांच्या आसपास मिळतात, हॉलमधल्या एका ताटापेक्षाही स्वस्त.

निमंत्रण वाचनालयाच्या जुन्या कार्डासारखं करता येतं. नाव, पुस्तकाचं नाव, 'परत करण्याची तारीख' या रकान्यात वाढदिवसाची तारीख. असं कार्ड आजच्या मुलांनी पाहिलेलंच नसतं, म्हणून आधी एकदा खरं वाचनालय दाखवून आणा. आपल्या शहरातलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे, म्हणजे १८५७ च्या उठावाच्याही आधीचं. मूल दहाच्या पुढचं असेल आणि त्याला घरच्या पार्टीचा कंटाळा आला असेल, तर दोन-तीन मित्रांना घेऊन पाचगणीजवळचं भिलार गाठा. सातारा जिल्ह्यातलं हे 'पुस्तकांचं गाव' ४ मे २०१७ रोजी सुरू झालं. गावातल्या घराघरांत विषयवार पुस्तकं ठेवलेली आहेत आणि तिथे बसून ती वाचता येतात.

मूलच नाही म्हणालं तर?

ही शक्यता खरी आहे. मित्राकडे जादूगार आला होता आणि आपल्याकडे आजी गोष्ट वाचणार, हे सात वर्षांच्या मुलाला पटेलच असं नाही. अशा वेळी सगळा वाढदिवस पुस्तकांचा करण्याचा हट्ट धरू नये. फुगे हवेत तर फुगे आणा, गाणी हवीत तर गाणी लावा, बारा मिनिटांची गोष्ट तेवढी मधे ठेवा. कोणतं पुस्तक वाचायचं आणि कोणी वाचायचं, हे त्यालाच ठरवू द्या. चिठ्ठ्या लपवण्याचं कामही त्याच्याकडेच द्या. आठवडाभर आधीपासून तो कपाटातली पुस्तकं काढून पानं मोजत बसेल. घरात पसारा होईल, तो पार्टी संपेपर्यंत आवरू नका.