तंबूतला सिनेमा आणि त्याची न उरलेली छायाचित्रे

बीड जिल्ह्यातील यात्रा-जत्रांच्या करमणुकीत तमाशाच्या फडाशेजारी ज्याची कनात हमखास ठोकली जाई, त्या फिरत्या चित्रपटगृहाला, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या ‘तंबू’ला किंवा टुरिंग टॉकीजला, ग्रामीण महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही. ज्या व्यवसायाने खेड्यापाड्यांतील माणसांना नटनट्यांचे हलते चेहरे दाखवले, त्याची स्वतःची छायाचित्रे मात्र अत्यंत तुरळक आहेत, आणि या उणिवेची कारणे त्याच्या यंत्रात व कामाच्या वेळेतच सापडतात.

मुंबईत वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा पहिला खेळ झाला, तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि सप्टेंबर 1948 पर्यंत ते तसेच राहिले. परळी वैजनाथला रेल्वे असली तरी खुद्द बीड शहराला ती 2025 साल उजाडेपर्यंत लाभली नाही. त्यामुळे पक्की चित्रपटगृहे मोठ्या गावांपुरती मर्यादित असलेल्या या भागात सिनेमा खेड्यापर्यंत पोहोचला तो रस्त्याने. कनाती, बांबू, पडदा, जनरेटर, प्रोजेक्टर आणि फिल्मचे पत्र्याचे डबे एका मालमोटारीत घालून संपूर्ण चित्रपटगृहच गावोगाव नेले जाई.

या फिरतीचे वेळापत्रक पंचांगाने ठरवलेले होते. बीडजवळ कपिलधार येथे मन्मथस्वामींची यात्रा कार्तिकात, अंबाजोगाईला योगेश्वरीचा उत्सव मार्गशीर्षात, परळीला वैद्यनाथाची यात्रा महाशिवरात्रीला आणि त्यानंतर चैत्रात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा, असा हा क्रम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन पुढच्या पावसाच्या तोंडावर थांबतो. जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि कारखान्यांचा गळीत हंगाम संपत आला की उचल फेडून परततात; त्यामुळे चैत्रातील जत्रा हीच बहुतेक कुटुंबे गावात एकत्र असण्याची आणि हातात थोडा पैसा खुळखुळण्याची वेळ असते, हे करमणुकीच्या कोणत्याही व्यावसायिकाच्या नजरेतून सुटण्यासारखे नव्हते.

तंबूचा प्राण म्हणजे पस्तीस मिलिमीटर फिल्मचा प्रोजेक्टर. या यंत्रात फिल्म सलग सरकत नाही. खाचांच्या एका चक्रामुळे ती एकेक चित्र खाली येऊन क्षणभर स्थिर राहते, चित्र बदलताना फिरती झडप प्रकाश अडवते, आणि सेकंदाला चोवीस स्थिर छायाचित्रे अशा रीतीने समोरून गेली की डोळ्याला हालचालीचा भास होतो. म्हणजे तंबूत बसलेला प्रेक्षक वस्तुतः छायाचित्रांचाच भला मोठा संग्रह पाहत असे: फिल्म मिनिटाला नव्वद फूट या वेगाने जात असल्याने अडीच तासांच्या चित्रपटासाठी साडेतेरा हजार फूट, म्हणजे चार किलोमीटरहून अधिक लांबीची फिल्म लागे. जुन्या यंत्रांत प्रकाशासाठी कार्बनच्या दोन कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची ज्योत पेटवली जाई. कांड्या जळून आखूड होत आणि टोकांमधले अंतर वाढले की पडदा काळवंडे, म्हणून ऑपरेटरला खेळभर त्या जवळ सरकवत राहावे लागे. जिथे एकच प्रोजेक्टर असे तिथे रीळ, म्हणजे फिल्मचे एकेक भेंडोळे, संपताच खेळ थांबे आणि अंधारात शिट्ट्यांचा पाऊस पडे. फिल्म तुटली तर तिच्या कडा खरवडून सिमेंट नावाच्या द्रावणाने जोडावी लागे, आणि अशा प्रत्येक जोडणीत काही चित्रे कायमची जात. शहरांतून वापरून झिजलेली प्रत गावाने पाहिली ती बहुधा अशी काही उड्या मारतच. या कारागिरीला कोणत्याही शाळेचे प्रमाणपत्र नव्हते, तरी तिला यंत्रविद्येपेक्षा कमी लेखण्याचे कारण नाही.

पडद्यावरचे हे विश्व दिवसा कागदावर दिसे. चित्रपटातील प्रसंगांची छायाचित्रे असलेली शोकार्डे प्रवेशद्वारापाशी लावलेली असत, ध्वनिक्षेपकावरून रात्रीच्या खेळाची जाहिरात होई आणि चित्रपटातील गाण्यांच्या स्वस्त पुस्तिका विकल्या जात. शोकार्डे खेळाच्या प्रतीबरोबर परत जात, पुस्तिका घरी येत; आज जुन्या पेट्यांमध्ये जे काही सापडते ते म्हणूनच प्रामुख्याने पुस्तिकांच्या रूपात. जत्रेतच रंगवलेल्या पडद्यापुढे उभे करून फोटो काढणाराही असे, परंतु त्याच्या कॅमेऱ्यापुढे येई ते कुटुंब, तंबू नव्हे. तंबूच्या आतला प्रेक्षक टिपायचा तर काळोख आड येई, आणि फ्लॅश मारला असता तर लोकांनी फोटोवाल्यालाच बाहेर काढले असते.

ही पोकळी काही अंशी भरली ती हा व्यवसाय मावळतीला लागल्यावर. अमित मधेशिया या छायाचित्रकाराने महाराष्ट्रातील फिरत्या तंबूंमधील प्रेक्षकांचे पडद्याच्या उजेडात उजळलेले चेहरे टिपले आणि त्या चित्रांना 2011 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत पुरस्कार मिळाला. पुढे शर्ली अब्राहम यांच्यासह त्यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला व त्याचा तेथे विशेष उल्लेख झाला. गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ हा मराठी कथापट त्याआधी, 2013 मध्ये आला होता. डिजिटल प्रक्षेपणामुळे फिल्मच्या प्रती निघणेच थांबत आले होते तो हाच काळ. ही चित्रे उत्तम आहेत, पण ती अखेरच्या पर्वाची आहेत; भरभराटीच्या काळाची साक्ष त्यांच्याकडून मागणे योग्य ठरणार नाही.

पुण्यात 1964 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांबरोबरच स्थिरचित्रे, भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या आहेत, तथापि अशा संस्थेचा भर साहजिकच चित्रपटावर असतो, तो दाखवणाऱ्या माणसांवर नव्हे. ऑपरेटर, तिकीट फाडणारा, कनात ठोकणारे गडी यांची छायाचित्रे असलीच तर ती त्यांच्या कुटुंबांत असणार. ज्या घरी जत्रेतील फोटो, तिकिटाचा तुकडा किंवा गाण्यांची पुस्तिका असेल, त्यांनी ती लॅमिनेट करू नये, चिकट पानांच्या अल्बमात लावू नये, आणि फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने गाव, जत्रा, अंदाजे साल व माणसांची नावे लिहावीत. ती नावे सांगू शकणारे वडीलधारे घरात आहेत तोवरच हे काम उरकावे.