अकराव्या क्रमांकाची तार

संगणकांच्या कित्येक पिढ्या आल्या आणि गेल्या, तरी कार्बनप्रती काढण्याची गरज न संपल्यामुळे पेढ्यांतून आणि गुदामांतून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर अद्याप ऐकू येते. तेव्हा ज्या जाड केबलीने हे यंत्र संगणकाशी बांधलेले असते तिच्यात नेमके काय चालते ते पाहून या, अशी संपादकांची सूचना झाल्यावरून मी पुण्याच्या तपकीर गल्लीतील एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसलो.

या जोडणीचा इतिहास थोडक्यात आटोपण्याजोगा आहे. अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० मध्ये आपल्या ‘मॉडेल १०१’ प्रिंटरसाठी ती योजिली. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पर्सनल कॉम्प्युटरच्या बाजूस २५ पिनांचे टोक बसवले. आणि सर्वत्र रूढ होऊन पुष्कळ वर्षे लोटल्यावर, १९९४ मध्ये, आयईईई १२८४ या प्रमाणाची मोहोर तिच्यावर उमटली.

मला खिळवून ठेवले ते तिच्यातील व्यवहाराच्या शिस्तीने. दोन ते नऊ या आठ पिनांवर संगणक एका अक्षराचा संकेतांक मांडतो. रोमन ‘ए’चा संकेतांक ६५ असल्याने दुसरी आणि आठवी पिन तेवढी पाच व्होल्टांच्या आसपास चढते, बाकीच्या शून्याजवळ राहतात. ही मांडणी स्थिर झाली की पहिल्या पिनेवरील स्ट्रोब, जो एरवी चढलेलाच असतो, निदान सेकंदाच्या वीस लाखाव्या भागापुरता खाली येतो, आणि त्या इशाऱ्यासरशी प्रिंटर अक्षर उचलून अकराव्या पिनेवर ‘बिझी’ची पाटी लावतो. अक्षर पदरात पडले की ती पाटी उतरते, व दहाव्या पिनेवरून पोच रवाना होते. इमारतीवर पाट्या झेलणाऱ्या मजुरांत वरच्याचे हात मोकळे झाल्याखेरीज खालचा पाटी फेकत नाही, तसाच हा प्रकार.

“स्ट्रोब तुमच्या मीटरला कळायचा नाही, साहेब,” असे म्हणून दुकानातील वृद्ध कारागिराने लॉजिक प्रोब टेकवला, तेव्हा छपाई चालू असेतो त्याचा दिवा लुकलुकत राहिला. मग त्यांनी मीटरची सळई अकराव्या पिनेवर धरून प्रिंटरमधील कागद ओढून घेतला. आकडा चार व्होल्टांच्या वर चढला आणि तेथेच ठाण मांडून बसला. सेकंदाला १६५ अक्षरे छापणाऱ्या त्या मूळ प्रिंटरपुढे संगणक कितीही चपळ असला, तरी या एका तारेपुढे त्याची मात्रा चालत नसे.

परंतु या शिस्तीत एक उणीव आहे, आणि तिची जाणीव झाल्यावर माझ्या कौतुकास चिंतेची किनार लागली. पोच मिळते ती अक्षर पोचल्याची; ते बरोबर पोचल्याची नव्हे. दुसऱ्या पिनेची तार केबलीत तुटली तर ती प्रिंटरला बहुधा चढलेलीच भासते, त्यामुळे प्रत्येक सम संकेतांकात एकाची भर पडते. बिलातील २४० रुपयांचे ३५१ होतात, आणि प्रिंटर बिनदिक्कत पोच देत राहतो. नशीब एवढेच, की दोन शब्दांमधील कोऱ्या जागीही उद्गारचिन्हे उमटू लागतात, म्हणून गिऱ्हाईक रक्कम चुकती करण्यापूर्वी दचकते. फार लांब केबल घेतली तर शेजारच्या तारांतील चढउतारांचा उपद्रव होऊन असाच घोटाळा उद्भवतो, फरक इतकाच की तो मधूनमधून होत असल्याने त्याचा माग लागत नाही.

यूएसबीत पाठवलेल्या मजकुराची पडताळणी होते हे खरे, पण नव्याकडे वळणे दिसते तितके सुलभ नाही. जुने हिशेबाचे डॉस प्रोग्रॅम कित्येकदा पोर्टच्या ठरावीक पत्त्यावर थेट लिहितात, आणि यूएसबीच्या अडॅप्टरला तसा पत्ताच नसतो. वेगळे कार्ड बसवावे तर त्याचा पत्ता पुष्कळदा भलताच निघतो. आणि ६४-बिट विंडोज हे डॉस प्रोग्रॅम मुळी चालवीतच नाही. म्हणून दुकानात प्रिंटरांपेक्षा जुन्या संगणकांचीच रांग मोठी होती. पेढीचे मालक प्रिंटर बदलावयास तयार असतात, परंतु वीस वर्षांच्या खातेवह्या ज्या प्रोग्रॅमात अडकल्या आहेत त्यातून त्या सोडवून घेण्याचा खर्च ऐकला की जुनाच मदरबोर्ड पुन्हा एकदा दुरुस्त करून मागतात. आणि कारागीर तो करूनही देतात, मात्र पुढच्या खेपेस सुटा भाग मिळेल याची हमी पावतीवर लिहून देत नाहीत.