तालीम : बालवयातील बळाची घडण



मुलांच्या शरीरबळाचा विचार करताना एका शब्दापासून आरंभ करणे मला सोयीचे वाटते. तो शब्द म्हणजे ‘तालीम’. मूळ शब्द अरबी, आणि त्याचा अर्थ शिकवणे. आपण सुरतकर मराठी माणसे हा शब्द दोन अर्थांनी ऐकतो. गुजरातीत तालीम म्हणजे प्रशिक्षण. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेला शिक्षणविचारही ‘नई तालीम’ याच नावाने ओळखला जातो. मराठीत मात्र तालीम म्हटले की जोर-बैठका काढण्याची आणि कुस्ती खेळण्याची जागा डोळ्यांपुढे येते. तिथला गुरू तो वस्ताद, म्हणजे फारसीतला उस्ताद. बळ कमावण्याच्या जागेला आपल्या भाषेने शिकण्याच्या जागेचे नाव दिले. वयात न आलेल्या मुलांच्या बाबतीत हे नाव शास्त्राच्या कसोटीवरही यथार्थ ठरते, हे येथे सांगावयाचे आहे.

या विषयावर पालकांमध्ये दोन टोकाची मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, या वयात बळाचे व्यायाम केले तर मुलाची उंची खुंटेल. दुसरा पक्ष नऊ-दहा वर्षांच्या मुलाला स्पर्धा जिंकण्यासाठी मोठ्यांच्या वजनांशी झुंजावयास लावतो. पहिल्या पक्षाची भीती केवळ आजीबाईंची नव्हे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त व्यायाम वर्ज्य करावा अशांच्या यादीत वृद्धांबरोबर बालकही आहे, आणि बलवानांनीसुद्धा अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा असे तिथे सांगितले आहे. तेव्हा ही भीती हसण्यावारी न नेता तपासून पाहिली पाहिजे. दोन्ही पक्षांच्या मुळाशी मात्र एकच समज आहे : बळ म्हणजे पिळदार दंड.

प्रौढ माणसाचा स्नायू व्यायामाने फुगतो, त्याला शरीरातील संप्रेरकांचे मोठे साहाय्य असते. वयात येण्यापूर्वी ही संप्रेरके अत्यल्प असतात. तरीही मुलांचे बळ वाढते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात नऊ ते अकरा वर्षांच्या मुलग्यांनी २० आठवडे, आठवड्यातून तीनदा बळाचे व्यायाम केले. त्यांची ताकद स्पष्टपणे वाढली, परंतु स्नायूंची जाडी व्यायाम न करणाऱ्या मुलांपेक्षा अधिक वाढली नाही. मग ही ताकद आली कोठून? ती मुख्यत्वे मज्जासंस्थेतून आली. कोणते स्नायुतंतू केव्हा आणि किती एकदम कामाला लावावेत, हे मेंदू आणि मज्जातंतू शिकतात. अक्षर गिरवताना बोटे जशी हळूहळू वळणावर येतात, तशीच ही क्रिया आहे. बालवयातील बळ हे बव्हंशी शिकलेले बळ होय.

आता उंचीचा प्रश्न. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा थर असतो आणि तिथून हाड वाढते. हा थर नाजूक असतो, हे खरेच. परंतु जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली केलेल्या माफक व्यायामाने उंची खुंटल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. उलट उड्या, लोंबकळणे, स्वतःचे वजन पेलणे यांनी हाडे बळकट होतात. २०१४ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी आणि २०२० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने अशा व्यायामाला अनुकूल मत दिले. खरा धोका अन्यत्र आहे. वजनांच्या व्यायामात इजा होऊन अमेरिकेतील रुग्णालयांत आलेल्या आठ ते तेरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांच्या इजा हाताला वा पायाला होत्या, आणि बहुतेक वेळा वजन अंगावर पडून किंवा सांदीत बोट चेमटून त्या झालेल्या होत्या. म्हणजे उणीव होती ती लक्ष ठेवणाऱ्या माणसाची. लहानपणी ओझी वाहणारी मुले खुजी दिसतात, त्यावरूनही लोक अनुमान काढतात. परंतु अपुरे अन्न, अपुरी झोप आणि विश्रांतीवाचूनचे कष्ट यांना व्यायाम म्हणता येणार नाही.

आपल्या परंपरेने या शिकवणीचा एक उत्तम नमुना दिला आहे, तो मल्लखांबाचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. एरंडेल तेल लावलेल्या लाकडी खांबावर मूल फक्त स्वतःच्याच शरीराचे वजन पेलते. आधी अढी पक्की होते, मग तेढी, बगली, दसरंग अशी एकेक पायरी येते, आणि वस्ताद खांबाशेजारी उभा असतो. क्रम, बेताचा भार आणि देखरेख, या आजच्या शास्त्राच्या तिन्ही अटी येथे पाळल्या जातात. आपल्या शेजारच्या बडोद्यात जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी आखाड्याची परंपरा जोपासली. तेथेच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. शरीराच्या विद्येला कोशाची योग्यता देणारी ही मराठी दृष्टी गुजरातच्या भूमीवर फुलली, याचा आपणांस अभिमान वाटावा.

तथापि परंपरेचे दोषही पाहिले पाहिजेत. पूर्वी कित्येक ठिकाणी जोरांची संख्या हेच भूषण मानले जाई. शाळांनी तर बैठकांची उठाबशा करून त्यांना शिक्षेचे रूप दिले. जो व्यायाम अपमान म्हणून करावा लागला, त्याची मुलाला गोडी कशी लागावी? दुसरा दोष मुलींना मागे ठेवण्याचा. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्या बळात फारसे अंतर नसते. त्यामुळे वेगळ्या वागणुकीला शरीरशास्त्राचा आधार नाही.

शाळेत हे शिक्षण कसे द्यावे? सातव्या-आठव्या वर्षी, मूल सूचना ऐकून तशी हालचाल करू लागले की आरंभ करता येतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती, प्रत्येक वेळी २० ते ३० मिनिटे पुरेत. प्रथम अंग मोकळे करावे. मग बैठका, भिंतीला वा बाकाला टेकून जोर, लोंबकळणे, हलका चेंडू फेकणे असे व्यायाम ८ ते १५ वेळा, एक-दोन फेऱ्यांत करावेत. ठेवण बिघडू लागताच थांबावे. १५ आवर्तने सहज जमू लागली तरच भार ५ ते १० टक्क्यांनी वाढवावा. सर्वांत जड वजन उचलून दाखवण्याची पैज या वयात लावू नये. मनगट, गुडघा वा टाच सतत दुखत असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, रक्तदाब वा फेफरे असलेल्या मुलाने आधीच सल्ला घ्यावा. हे बळ सोडून दिल्यास काही आठवड्यांत ओसरू लागते, म्हणून दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही थोडा अभ्यास चालू राहावा.

माजी विद्यार्थी शाळेला काही देऊ इच्छितात, तेव्हा यंत्रसामग्रीचा विचार प्रथम मनात येतो. माझी विनंती वेगळी आहे. यंत्रांच्या आधी एका प्रशिक्षित, सहृदय शिक्षकाची तजवीज करावी. त्याच्याकडे एका वेळी दहा-बारांहून अधिक मुले नसावीत. शाळेनेही उठाबशांची शिक्षा बंद करावी. वर्गात मागच्या बाकावर बसणारे, खेळात कोणी निवडत नाही असे मूल जेव्हा पहिल्यांदा स्वतःचे वजन स्वतःच्या हातांवर पेलते, तेव्हा ते एक धडा शिकलेले असते. तो धडा देणे हे शाळेचेच काम आहे.