टाकीतलं ऊन किती जुनं?

ई-२० पेट्रोलचा सगळा वाद ॲव्हरेजवर येऊन अडकला आहे. खरं तर तिथे वाद घालण्यासारखं फार नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. ते २० टक्के मिसळलं की टाकीतली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटणारच. तपासायला हवं ते 'हिरवं इंधन' हे बिरुद. इथेनॉल म्हणजे उसात साठलेलं ऊन, म्हणून ते हिरवं, असं सांगितलं जातं. पण या न्यायाने उन्हातून न आलेलं इंधन शोधूनच काढावं लागेल.

मुखेडकडची चुलीतली तुराटी घ्या. ती जळाल्यावर चिमूटभर राख उरते. जमिनीचं देणं काय ते तेवढंच. बाकी सगळं लाकूड तुरीने हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी उन्हाच्या जोरावर सांधून केलेलं. जाळ लागला की तो सांधा उसवतो आणि सहा-सात महिन्यांचं ऊन भाकरी होईपर्यंत संपतं. गोवरीतही तेच ऊन, फक्त कडब्यातून आणि जनावराच्या पोटातून आलेलं. परळीच्या औष्णिक केंद्राला लागणारा गोंडवनी कोळसाही ऊनच, २५ कोटी वर्षांपूर्वीचं. अपवाद मोजकेच. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरचे गरम झरे पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेवर तापतात, आणि तारापूरचं युरेनियम सूर्याच्याही आधी मेलेल्या ताऱ्यांचं.

तेव्हा प्रश्न ऊन किती जुनं आणि ते साठवायला खर्च किती, एवढाच उरतो. पहिल्या मुद्द्यावर इथेनॉल जिंकतं, हे मान्य करायला हवं. उसाने यंदा हवेतून घेतलेला कार्बन यंदाच हवेत जातो, कोळशासारखा कोट्यवधी वर्षांचा नाही. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र गणित बसत नाही. आपल्याकडे चौरस मीटरला रोज सरासरी पाच युनिट ऊन धरलं, तर एकरावर वर्षाला ७० लाखांहून अधिक युनिट पडतं. एकरी ४० टन ऊस आणि टनाला ७० लिटर इथेनॉल धरून हाती येतात जेमतेम साडेसोळा हजार युनिट. त्याच एकरावर सौर पॅनेल लावले, तर मधली मोकळी जागा धरूनही चारेक लाख युनिट वीज मिळते.

पॅनेल रात्री झोपतात आणि मोटारसायकलला बाटलीत मावणारं इंधन लागतं, हा आक्षेप खराच आहे. साठवण हाच तर इंधनाचा गुण. उसाला निदान दराची हमी आहे, तुरीच्या भावाचा भरवसा नाही, हेही खरं. म्हणून साखर काढल्यावर उरलेल्या मळीपासून इथेनॉल करायला कुणाची हरकत नसावी. पण इथेनॉलसाठी ऊस वाढवायचा, तोही मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात, हा उन्हाचा नव्हे, पाण्याचा व्यवहार आहे. उसापासूनच्या लिटरभर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाच्याच २०२१च्या अहवालात आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणी-रेल्वेत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. तेवढ्या पाण्यात इथेनॉल होतं १७५ लिटर.