आजीचा ट्रान्झिस्टर, नातवाचा ट्रान्झिस्टर

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरी मागे एक गमतीचा घोटाळा झाला. डिप्लोमाला असलेला भाचा ओरडला, "माझा ट्रान्झिस्टर कुणी उचलला?" टेबल झाडताना तीन पायांचा, वाटाण्याएवढा काळा मणी केरात गेला होता. आईने शांतपणे कपाटाकडे बोट दाखवलं : "तो काय वर. सेल घालावे लागतील."

चूक दोघांचीही नव्हती. एकाच नावाच्या दोन वस्तू, मणी आणि रेडिओ, आणि एक दुसरीच्या पोटात!

मण्याचा जन्म डिसेंबर 1947 चा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यातून क्षीण विद्युतसंकेत मोठा करून दाखवला. त्यांचे सहकारी शॉकली यांच्यासह तिघांना 1956 चं नोबेल मिळालं. बारसं मात्र चक्क मतदानाने झालं. 1948 मध्ये प्रयोगशाळेतल्या लोकांत नावांची यादी फिरली, त्यात 'आयोटाट्रॉन' हेही होतं. जॉन पीअर्स यांनी सुचवलेलं 'ट्रान्झिस्टर' निवडून आलं म्हणून बरं, नाहीतर आई सकाळी उठून "जरा आयोटाट्रॉन लाव" म्हणाली असती.

हा मणी करतो काय? सोसायटीत पाणी सोडणारा आठवा. तो व्हॉल्व्ह जरासा फिरवतो आणि अख्ख्या इमारतीचं पाणी कमीजास्त होतं. तसंच इथे : एका पायातल्या इवल्याशा प्रवाहाच्या तालावर उरलेल्या दोन पायांमधला मोठा प्रवाह नाचतो. आधीच्या रेडिओत हे काम काचेच्या नळ्या करत, आणि त्यांना आपल्याकडेही व्हॉल्व्हच म्हणत. म्हणजे नावांचा गोंधळ तेव्हाही होताच! व्हॉल्व्ह तापल्याशिवाय आवाज येत नसे, आणि तापायला भरपूर वीज लागे. मण्याला तापावं लागत नाही. त्यामुळे रेडिओ भिंतीतल्या प्लगपासून सुटला आणि स्वयंपाकघरात, गॅलरीत, शेताच्या बांधावर पोहोचला. 1954 मध्ये बाजारात आलेल्या 'रीजन्सी टीआर-वन' या पहिल्या खिशातल्या ट्रान्झिस्टर रेडिओत चारच ट्रान्झिस्टर होते. 'ट्रान्झिस्टर रेडिओ' म्हणताना लोकांनी शेपूट गाळलं, इंग्लंडात आणि आपल्याकडेही. माझ्या मते ते योग्यच झालं. खरी करामत मण्याचीच होती.

आईच्या ट्रान्झिस्टरमधली मला सर्वात आवडणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. मुंबई केंद्र लागेना की आम्ही एरियलची काडी पूर्ण ओढून, खिडकीबाहेर काढून बघायचो. सगळी मेहनत फुकट! ती काडी शॉर्टवेव्हसाठी. मीडियमवेव्ह पकडते ती आत आडवी बसवलेली, तांब्याची तार गुंडाळलेली काळी फेराइटची कांडी. आणि या कांडीला दिशा कळते. तिचं टोक प्रक्षेपकाकडे रोखलं की आवाज बसतो, कांडी त्या दिशेला आडवी धरली की खुलतो. आकाशवाणीचा मुंबईचा प्रक्षेपक मालाडचा, म्हणजे नौपाड्यातून येऊरच्या डोंगरापलीकडे, जवळजवळ नेमका पश्चिमेला. आमच्या टेबलावर सेट दक्षिणोत्तर ठेवला की बातम्या खणखणीत. हळूहळू पूर्व-पश्चिम फिरवला की एका कोनात निवेदक जणू विहिरीत उतरतो आणि नुसती खरखर उरते. होकायंत्राशिवाय मालाड कुठे ते कळतं! भाच्याला हे करून दाखवलं, तर तो त्या अर्ध्या तासात एकदाही मोबाइलकडे वळला नाही.

त्याच्या खिशातल्या यंत्राचीही गंमत आहेच. 2023 च्या आयफोन प्रोमधल्या एका चिपमध्ये 1,900 कोटी ट्रान्झिस्टर आहेत. त्याला मात्र कुणी ट्रान्झिस्टर म्हणत नाही.

तुमच्या माळ्यावर असा एखादा सेट पडला असेल, तर आजच खाली काढा आणि आधी मागचं झाकण उघडून जुने सेल फेका. सेल गळले की आतल्या पत्र्याच्या पट्ट्या गंजून जातात.