लव्हाळ्याच्या भावकीने अडवलेली नाईल

शेतात लव्हाळा माजला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. कितीही खुरपलं तरी मातीतल्या गाठी राहतात आणि तो पुन्हा डोकं वर काढतो. साधारण हातभर वाढणाऱ्या या तणाचा एक भाऊबंद आफ्रिकेच्या पाणथळीत ४ ते ५ मीटर उंच होतो. वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत दोघांचं आडनाव एकच, सायपेरस. या थोरल्या भावाचं नाव पपायरस. पानं नावापुरती, बुडाशी खवल्यांसारखी. तीन धारांचा हिरवा दांडा आणि टोकाला शंभराहून जास्त बारीक काड्यांचा झुपका, एवढाच त्याचा संसार. अन्न बनवायचं कामही हा दांडा आणि झुपकाच करतात.

एका दांड्याचं कौतुक एवढंच. खरी गंमत गुणाकारात आहे.

दक्षिण सुदानमध्ये पांढऱ्या नाईलच्या वाटेवर सुद्द नावाची दलदल आहे. तिथली जमीन इतकी सपाट, की किलोमीटरभर चाललं तरी उतार जेमतेम १० सेंटिमीटर. नदीला धावायला जागा नाही, म्हणून ती पसरते. सुद्दचा ५७,००० चौरस किलोमीटरचा पट्टा २००६ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. आपल्या हिशेबात सांगायचं तर गोव्याएवढी १५ राज्यं. चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी १,३०,००० चौरस किलोमीटरपर्यंत पसरू शकतं. नकाशावर अख्खा विदर्भ आणि अख्खं कोकण निळ्या रंगाने भरलं, तर साधारण तेवढा आकार होईल.

या पसाऱ्यात पाणकणीस आहे, जंगली भात आहे, उंच गवतं आहेत. पपायरसच्या वाट्याला जुन्या पाहण्यांनुसार साधारण ४,००० चौरस किलोमीटर येतात. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे एका दलदलीतलं एकटं पपायरसच गोव्याहून मोठं. आता कागद-पेन्सिल घेऊ. ४,००० चौरस किलोमीटर म्हणजे ४०० कोटी चौरस मीटर. चौरस मीटरला १० दांडे धरले, हा हात आखडून केलेला हिशेब, तरी झाले ४,००० कोटी दांडे. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे जवळपास पाच. प्रत्येक दांडा ४ मीटरचा मानून सगळे एकापुढे एक ठेवले, तर लांबी भरते १६ कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे.

हे दांडे वर्षानुवर्षं उभे राहणारे नव्हेत. एखादा दांडा वर्षभरही टिकत नाही; जुना वाळतो, त्यातलं पोषण खालच्या आडव्या खोडात परत जातं आणि तिथून नवा कोंब फुटतो. केनियातल्या नैवाशा सरोवराकाठी केलेल्या मोजणीत पपायरसने एका चौरस मीटरवर वर्षाला ६ किलोच्या आसपास सुका माल तयार केला होता. हेक्टरी ६० टन. महाराष्ट्रात हेक्टरी ८०-९० टन ऊस निघतो, पण त्यात सुमारे ७० टक्के पाणी असतं. सुकं वजन पंचवीस टनांच्या आसपास उरतं. त्यासाठी लागण, खतं, पाटपाणी आणि मजूर, सगळं करावं लागतं. पपायरसला यातलं कोणी काही देत नाही.

त्याची खोडं एकमेकांत गुंतून पाण्यावर जाड गादी धरतात. ही गादी माणसाचं वजन सहज पेलते. वादळ झालं किंवा पाणी चढलं की तिचे तुकडे सुटतात, वाहत जातात आणि नदीच्या एखाद्या वळणावर अडकतात. मागून येणारे तुकडे त्यांना दाबतात आणि नदीला बूच बसतं. रोमन सम्राट नीरोने नाईलचा उगम शोधायला सैनिक पाठवले होते. ते एका अफाट दलदलीपाशी थबकले. वनस्पती आणि पाणी असं गुंतलेलं, की एका माणसाच्या होडीपलीकडे काही पुढे जाईना, असा त्यांचा वृत्तान्त रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने नोंदवला आहे. ती दलदल बहुधा हीच. अठराशे वर्षांनी, १८७० मध्ये इंग्रज शोधप्रवासी सॅम्युएल बेकर आगबोटी घेऊन आला. त्यालाही इथे रस्ता कापत बसावं लागलं, आणि पुढचा मुक्काम गाठायला १८७१ उजाडलं.

सगळ्यात मोठा आकडा मात्र पाण्याचा आहे. विसाव्या शतकातल्या दीर्घ नोंदींनुसार सुद्दमध्ये नदीतून वर्षाला सरासरी ३३ अब्ज घनमीटर पाणी शिरतं आणि बाहेर पडतं १६ अब्ज. मधले १७ अब्ज घनमीटर जातात आकाशात. टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत, हा आकडा ६०० होतो. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी आहे. म्हणजे दरवर्षी जवळपास सहा कोयना हवेत विरतात. शिवाय दलदलीवर पडणाऱ्या पावसाचं पाणी यात धरलेलंच नाही.

हे घडतं मिलिमीटरच्या हिशेबाने. समजा दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं. एका चौरस किलोमीटरवरून ५० लाख लिटर गेलं. भिजलेल्या ३०,००० चौरस किलोमीटरवरून १५,००० कोटी लिटर, सव्वापाच टीएमसी. या वेगाने भरलेली कोयना वीस दिवसांत कोरडी पडेल.

या वाफेचा आळ बराच काळ पपायरसवर होता. पण नंतरच्या मोजण्यांनी दाखवलं, की त्याच उन्हात मोकळं पाणी असतं तरी जवळपास तेवढंच उडालं असतं. पाणी नेतो सूर्य. पपायरसचं काम नदीला थोपवून पसरवण्याचं. आणि नदीला पूर आला की दलदलही फुगते. १९६१ ते १९६४ या काळात नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या व्हिक्टोरिया सरोवराची पातळी दोन मीटरहून जास्त चढली आणि तिथून येणारं पाणी वाढलं. १९५२ मध्ये सुद्दचं भिजलेलं क्षेत्र सुमारे १३,००० चौरस किलोमीटर होतं. १९८० पर्यंत ते ३०,००० च्या घरात गेलं.

खाली वाट पाहणाऱ्या इजिप्तला हवेत विरणाऱ्या पाण्याचा हा आकडा कसा दिसत असेल, ते सांगायला नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच दलदलीला वळसा घालून पाणी पुढे नेण्याच्या योजना कागदावर होत्या. अखेर १९७८ मध्ये जोंगलेई कालव्याचं काम सुरू झालं. लांबी ३६० किलोमीटर, सुएझच्या जवळपास दुप्पट. खोदायला २,३०० टनांचं अवाढव्य यंत्र आणलं. त्याने आधी पाकिस्तानात एक कालवा खोदला होता. अडीचशे किलोमीटरच्या आसपास खोदाई झाली. मग सुदानमध्ये यादवी पेटली, बंडखोरांनी कामावर हल्ले केले आणि १९८४ मध्ये ते थांबलं. त्या बंडखोरांचा नेता जॉन गारांग याने १९८१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात पीएचडी केली होती. प्रबंधाचा विषय, जोंगलेई प्रकल्प. यंत्र आजही तिथेच गंजत उभं आहे, आणि अर्धवट चर गुरांच्या आणि वन्य प्राण्यांच्या वाटेत आडवा पडला आहे.

यातला विरोधाभास असा, की इजिप्तला हिशेब लिहायला कागद दिला तो याच पपायरसने. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ इथे सापडलेले लेख हे आजवर मिळालेले सर्वांत जुने लिहिलेले पपायरस. वय साडेचार हजार वर्षांहून जास्त. त्यात इजिप्तचा राजा खुफूच्या पिरॅमिडसाठी चुनखडी वाहून नेणाऱ्या तुकडीची रोजची नोंद आहे, आणि सोबत शिधासामग्रीची खातीही. पुढे खुद्द इजिप्तमध्ये जंगली पपायरस जवळजवळ नाहीसं झालं. ज्याच्यावर ती जुनी खाती लिहिली, तोच आज खर्चाच्या रकान्यात.

पण त्या वहीत जमेची बाजू लिहायची राहून गेली आहे. पुराचं पाणी ओसरलं की मागे कुरण उरतं. तिथल्या दिन्का आणि नुएर लोकांची गुरं कोरड्या महिन्यांत त्यावर जगतात. सुद्दमध्ये मासे आहेत आणि शूबिलसारखे दुर्मिळ पक्षी आहेत. दलदलीच्या पूर्वेकडच्या गवताळ पट्ट्यात, जोंगलेईपासून बोमापर्यंत, विमानातून केलेल्या पाहणीचा आकडा २०२४ मध्ये जाहीर झाला: स्थलांतर करणाऱ्या कुरंगांची संख्या सुमारे ६० लाख. जमिनीवरून होणारं प्राण्यांचं जगातलं हे सर्वांत मोठं स्थलांतर मानलं जातं.

समुद्राला मिळणारं पाणी 'वाया' जातं, ही भाषा आपल्याकडेही सरसकट चालते. नाईलच्या वहीत तोच शब्द ६०० टीएमसीपुढे लिहिला गेला. ६०० टीएमसी हा आकडा खरा आहे आणि ६० लाख हाही. त्यांतला एकच रकाना भरून कालवा खोदायला घेतला होता.